लेसर, प्रोटॉन आणि आपली विज्ञानभाषा : एक चिकित्सा

अतिलघु लेसर स्पंदांच्या साहाय्याने प्रोटॉनांना वेग देण्याच्या प्रयोगांविषयी सामान्य वाचकांसाठी जे लिहिले जाते, त्यात दोन विधाने वारंवार आढळतात. 'लेसर प्रोटॉनांना ढकलतो' हे पहिले. 'टेबलावर मावणाऱ्या यंत्राने कर्करोगाचा उपचार लवकरच स्वस्त होईल' हे दुसरे. अध्यापकांनी ही दोन्ही विधाने तपासल्याशिवाय वर्गात नेऊ नयेत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

पहिले विधान भौतिकीच्या दृष्टीने सदोष आहे. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात १५० टेरावॉटचा लेसर असून तेथे धातूच्या पातळ पत्र्यांवर असे प्रयोग झाले आहेत. त्याचा स्पंद सुमारे २५ फेमटोसेकंदांचा असतो. एवढ्या वेळात प्रकाशही जेमतेम साडेसात मायक्रोमीटर अंतर कापतो. स्पंद पडताच पत्र्याचा पृष्ठभाग आयनद्रायू, म्हणजे प्लाझ्मा, बनतो. लेसर ढकलतो ते हलक्या इलेक्ट्रॉनांना. ते पत्र्याच्या मागच्या बाजूने बाहेर पडतात, पत्र्यावर धनभार उरतो आणि तेथे दर मीटरला सुमारे एक लाख कोटी व्होल्ट इतके प्रखर विद्युतक्षेत्र उभे राहते. प्रोटॉनांना वेग मिळतो तो या क्षेत्रामुळे. शिवाय हे प्रोटॉन बहुतांशी त्या धातूतले नसतातच; पत्र्यावर साचलेल्या पाण्याच्या व तेलकट द्रव्याच्या सूक्ष्म थरातील हायड्रोजनचे ते असतात. 'ढकलतो' या एका शब्दाने ही सारी कारणपरंपरा झाकली जाते.

अशा वेळी परिभाषेच्या उणिवेकडे बोट दाखवले जाते. ते पटण्याजोगे नाही. मराठी विश्वकोशाने 'आयनद्रायू' दिला. उर्दूत त्वरणासाठी 'इसराअ' आहे, आणि हैदराबादेत १९१७ साली स्थापन झालेल्या भाषांतर विभागाने तर विज्ञानाची उर्दू परिभाषा पद्धतशीरपणे घडवली. नामे आपल्याकडे पुरेशी आहेत. दोष क्रियापदांच्या निवडीत आहे : कोण कोणावर काय करतो, हे वाक्यातून नीट कळत नाही.

दुसऱ्या विधानाचा दोष अधिक गंभीर आहे. अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेने २००० साली ५८ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे प्रोटॉन नोंदवले. असा प्रोटॉन शरीरात सुमारे तीन सेंटिमीटरच शिरतो. खोलवरच्या गाठीसाठी २०० हून अधिक लागतात. जर्मनीत ड्रेस्डेन येथे २०२४ साली १५० चा टप्पा गाठला गेला, तोही धातूऐवजी प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यावर. उपचाराला प्रोटॉनांची ठरावीक ऊर्जा, मोजून दिलेली मात्रा आणि प्रत्येक स्पंदाला तोच परिणाम हवा. लेसरच्या झोतात मात्र कमी-अधिक ऊर्जेचे प्रोटॉन एकत्र असतात. 'टेबला'चेही तसेच. वेग देण्याचे अंतर सूक्ष्म असले, तरी लेसर आणि किरणोत्सारापासून संरक्षण देणाऱ्या भिंती यांना मोठी जागा लागते. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राने २०२३ मध्ये सुरू केलेली प्रोटॉन उपचारसेवा सायक्लोट्रॉनवर चालते, ती यामुळेच.

हुबळी-धारवाडहून उपचारासाठी मुंबई गाठणारी कुटुंबे आपल्या विद्यार्थ्यांच्या घरांत आहेत. त्यांच्यासाठी 'लवकरच' हा शब्द निरुपद्रवी नसतो. त्यावर भिस्त ठेवून कोणी आजचा उपचार लांबवू शकतो. म्हणून असा मजकूर शिकवताना तीन प्रश्न विद्यार्थ्यांकडूनच विचारून घ्यावेत : ऊर्जा किती, प्रोटॉन किती, आणि तोच परिणाम पुन्हा किती वेळा मिळाला? ज्या लेखात यांची उत्तरे नाहीत, तो भाषेने कितीही सुंदर असला तरी विज्ञानलेखन म्हणून अपुराच मानावा लागेल.