परतणारा खल आणि न परतणारा नायक

'झपाटलेला'च्या तिसऱ्या भागाची चर्चा निघाली की मुलुंड-घाटकोपरकडून येणारे माझे विद्यार्थी एकच प्रश्न विचारतात : तात्या विंचू या वेळी परतणार कसा? प्रश्न 'का' असा नाही, 'कसा' असा आहे. परतणे गृहीतच धरलेले असते. मग दोन भुवयांच्या मध्ये लागलेल्या गोळीतून पळवाट कशी काढता येईल, याविषयी तर्क लढवले जातात. हा तर्कविलास मनोरंजक खरा. परंतु तो संहितेच्या तांत्रिक अंगापाशीच थांबतो.

खलाचे पुनरागमन आपल्या कथनपरंपरेला नवे नाही. भागवतातील जय-विजय शापामुळे तीनदा जन्मतात : हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्त्र. मात्र तेथे परतण्याला संख्या आहे. प्रत्येक जन्मात नाव आणि देह बदलतो, आणि प्रत्येक वधागणिक ते वैकुंठाच्या एक पाऊल जवळ जातात. श्रोत्याला शेवट ठाऊक असतो, म्हणूनच वैरालाही अर्थ लाभतो.

तात्या विंचूची गोष्ट नेमकी उलटी आहे. महेश कोठारे यांच्या १९९३च्या चित्रपटात मृत्युंजय मंत्राच्या बळावर तो बाहुल्यात शिरतो आणि पुन्हा मनुष्यदेह मिळवू पाहतो. ही इच्छा पुरी झाली तर मालिका संपते. तो कायमचा मेला तरी संपते. म्हणून निर्मात्याला तो सदैव बाहुल्यातच अडकलेला हवा असतो. दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला गुंड आणि रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला यांच्या संयोगातून जन्मलेल्या या खलाला वयही नाही. (भीतीपेक्षा हसूच अधिक आणणारा हा खल मुलांच्या मनात मात्र खोल रुतून बसला, हे विसरता येत नाही.)

नायकाचे तसे नसते. लक्ष्मीकांत बेर्डे डिसेंबर २००४मध्ये गेले. २०१३च्या 'झपाटलेला २'मध्ये बाहुला तोच राहिला. लक्ष्याच्या जागी मात्र त्याचा मुलगा आणावा लागला. नटाचा मृत्यू कथेत वारसाहक्क होऊन शिरला. मला ही त्या चित्रपटातील सर्वांत गंभीर शक्यता वाटते, आणि त्रिमितीच्या नवलाईत तीच हरवली. ज्या देहाच्या मागे तो लागला होता तो देहच उरलेला नाही, हे बाहुल्याला उमगण्यात एक विलक्षण नाट्य होते.

जुलै २०२४मध्ये सॅन डिएगो येथे रॉबर्ट डाउनी ज्युनिअर डॉक्टर डूमची भूमिका करणार असल्याचे जाहीर झाले. 'एंडगेम'मध्ये, २०१९ साली, आयर्न मॅन म्हणून मेलेला चेहरा खल होऊन परत येणार! तेथे चेहरा तोच, भूमिका निराळी. येथे खल तोच, समोरचा चेहरा गेलेला. दोन्हीकडे भांडवल एकच आहे : प्रेक्षकाची हुरहुर. विद्यार्थ्यांच्या 'कसा'मागेही तीच असावी. त्यांना तात्या हवा असतो, कारण तात्या आला की लक्ष्या जवळपास कोठेतरी असेल असे क्षणभर वाटते.