अनागत खंडाचे वाचन

जो ग्रंथ अद्याप वाचकांच्या हाती आलेला नाही त्याच्याविषयी टीकाकाराने काही बोलावे काय, हा प्रश्न वरवर विनोदी वाटेल. टीका करावयाची ती लिहिल्या गेलेल्या शब्दांची. न लिहिलेल्या शब्दांविषयी बोलणे हा ज्योतिषांचा व्यवसाय, अशीच आपली समजूत असते. परंतु गेल्या काही दशकांत इंग्रजीमध्ये अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या ज्या दीर्घ माला निघाल्या, त्यांच्या वाचकांनी या समजुतीला चांगलाच धक्का दिला आहे. दोन खंडांच्या मधल्या काळात, आणि हा काळ कधी पाच तर कधी दहा वर्षांहूनही अधिक असतो, हे वाचक आधीचे खंड पुनःपुन्हा वाचतात. एखाद्या स्वप्नात दिसलेले फूल, एखाद्या पात्राने अर्धवट सोडलेले वाक्य, एखाद्या सरदाराने टाळलेले उत्तर टिपून ठेवतात, आणि त्यांवरून पुढे काय घडणार याविषयी तर्क मांडतात. हा सारा उद्योग पोरकट आहे असे म्हणून तो झटकून टाकणे सोपे आहे. मला मात्र त्यात टीकेचे एक अस्सल रूप दिसते, आणि त्याच्याच शेजारी टीकेला मारक असा एक रोगही दिसतो. या दोहोंची पारख कशाने करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वाट पाहणारा वाचक ही काही आजची जात नव्हे. चार्ल्स डिकन्सची ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ ही कादंबरी बारा मासिक भागांत निघावयाची होती. सहा भाग लिहून झाले असता ९ जून १८७० रोजी लेखकाचे निधन झाले, आणि कथेत नाहीसा झालेला एडविन मेला की वाचला हे गूढच राहिले. १९१४ साली लंडनमध्ये या कादंबरीतील जॉन जॅस्पर या संशयितावर एक लुटुपुटीचा खटलाच भरविण्यात आला. न्यायासनावर जी. के. चेस्टरटन आणि ज्यूरीचे प्रमुख बर्नार्ड शॉ! ज्यूरीने आपला निर्णय दिला, आणि न्यायमूर्तींनी स्वतःखेरीज उपस्थित असलेल्या सर्वांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवून प्रकरण निकालात काढले. हिंदी प्रदेशात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या वाचकांना दुसरे उदाहरण जवळचे वाटेल. ‘चंद्रकांता’ आणि ‘चंद्रकांता संतति’ यांतील तिलिस्मांनी व ऐयारांनी एका पिढीला वेड लावणारे देवकीनंदन खत्री १९१३ साली वारले, तेव्हा त्यांची ‘भूतनाथ’ ही कादंबरी अपुरी होती. ती पुढे त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पुरी केली. तेव्हा अपुऱ्या कथेभोवती तर्कांचे मोहोळ उठणे हे जुनेच आहे. नवे आहे ते त्याचे प्रमाण आणि त्यातील शिस्त. पूर्वी जो तर्क एकट्यादुकट्याच्या मनात उठून विरून जाई, तो आता हजारो वाचक मिळून तपासतात, आणि कचेरीतील जुन्या प्रकरणाप्रमाणे त्याचे दप्तर जाडजूड होत जाते.

या प्रकाराचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकाची ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ ही माला. प्रारंभी ती तीन खंडांची योजली होती. पहिला खंड ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ १९९६ साली निघाला, तिसरा २००० साली. पण तोवर कथेचा पसारा इतका वाढला होता की चौथ्यासाठी २००५ पर्यंत आणि पाचव्यासाठी २०११ पर्यंत थांबावे लागले. माला सात खंडांची होणार असे ठरले. त्यांतील सहावा, ‘द विंड्ज ऑफ विंटर’, हे लिहीत असतानाही आलेला नाही.

या मालेच्या पहिल्या खंडात एडर्ड स्टार्क नावाचा एक सरदार आहे. सचोटी हा त्याचा प्राण. अशा या पुरुषाने तरुणपणी युद्धावरून परत येताना एक तान्हे मूल आणले, तो आपला अनौरस पुत्र म्हणून जगाला सांगितले, आणि त्याच्या आईचे नाव स्वतःच्या पत्नीलाही कधी कळू दिले नाही. त्या मुलाचे नाव जॉन स्नो. आता वाचकांनी काय केले पाहा. पाय मोडून ज्वरात पडलेल्या एडर्डला एक जुने स्वप्न पडते. त्यात एका निर्जन मनोऱ्यापाशी राजाच्या अंगरक्षक दलातील तीन नामांकित योद्धे उभे आहेत, आत एडर्डची बहीण लियाना रक्तात पडलेली आहे आणि तिने भावाकडून काही वचन घेतले आहे. राजा मेला, युवराज रेगार रणात पडला; मग राजवंशाच्या रक्षणाला बांधलेले हे वीर इतक्या दूर कोणाचे रक्षण करीत होते? याच रेगारने एका स्पर्धेत स्वतःच्या पत्नीला डावलून लियानाला निळ्या गुलाबांचा मुकुट अर्पण केला होता. आणि दुसऱ्या खंडात एका राजकन्येला जे दृष्टांत होतात त्यांत बर्फाच्या भिंतीच्या फटीत उमललेले एक निळे फूल आहे. जॉन स्नो त्या वेळी अशाच एका बर्फाच्या भिंतीवर पहारा करीत आहे. एवढ्या दुव्यांवरून वाचकांनी फार लवकर अनुमान बांधले की जॉन हा एडर्डचा पुत्र नसून लियाना आणि रेगार यांचा आहे. या मालेवर आधारलेल्या दूरदर्शन-मालिकेने २०१६ साली हेच उत्तर पडद्यावर दाखविले. ग्रंथांत ते अद्याप स्पष्ट शब्दांत आलेले नाही.

परंतु तर्क खरा ठरला एवढ्यावरून त्याची थोरवी सिद्ध होत नाही. त्याची थोरवी अशी की, तो मान्य करताच पहिला खंड नव्याने उजळून निघतो. ज्या एडर्डला आपण सरळ, किंचित भाबडा समजत होतो, त्याने आपल्या जिवलग मित्राच्या, म्हणजे नव्या राजाच्या, सूडापासून एका बालकाला वाचविण्यासाठी आपल्या सचोटीवरच आयुष्यभर डाग मिरविला, पत्नीचे मन दुखविले आणि अवाक्षर काढले नाही. सत्यवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाच्या जीवनाच्या मुळाशी एक असत्य आहे आणि ते असत्य हीच त्याची सर्वांत उदात्त कृती आहे! हा अर्थ कोणत्याही भावी खंडावर अवलंबून नाही. तो १९९६ साली छापलेल्या पानांत आहे. वाचकांनी तो तेथून वेचून काढला. आपल्या नाट्यशास्त्राने कथेच्या अर्थप्रकृतींत ‘बीज’ ही पहिली सांगितली आहे. प्रारंभी अल्प रूपाने पेरलेले आणि पुढे अनेक अंगांनी विस्तारणारे ते बीज. या वाचकांनी बीज ओळखले, असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण घेऊ. रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही माला १९९० साली सुरू झाली. तिच्या पाचव्या खंडाच्या, म्हणजे १९९३ च्या ‘द फायर्स ऑफ हेवन’च्या, अखेरीस अस्मोडियन नावाचे एक पात्र दार उघडते, समोरच्या व्यक्तीला ओळखते आणि मारले जाते. मारणारा कोण हे लेखकाने सांगितले नाही. वाचकांनी संशयितांच्या याद्या केल्या. कोण त्या वेळी कोठे होता, कोणाला कोणता लाभ होता, याची इतकी छाननी केली की एखाद्या चौकशी-समितीने लाजावे. पुरेसा पुरावा मी दिलेला आहे, असे जॉर्डन सांगत राहिले. २००७ साली ते निवर्तले. त्यांच्या टिपणांच्या आधारे ब्रँडन सँडरसन यांनी उरलेले तीन खंड लिहिले आणि २०१३ साली चौदाव्या खंडाने माला समाप्त झाली. खुन्याचे नाव कळले ते २०१० च्या तेराव्या खंडाच्या शेवटी जोडलेल्या शब्दसूचीत! सतरा वर्षांच्या शोधाचा शेवट एका नोंदीत झाला. ग्रॅन्डाल हे नाव कळल्याने आधीच्या कोणत्या प्रसंगाला नवा अर्थ आला? कोणत्या पात्राविषयी आपली करुणा वा भीती वाढली? माझ्या मते, काहीच घडले नाही. हे बीज नव्हते, हे कुलूप होते. कुलूप उघडले की किल्लीचे काम संपते.

पारखीची कसोटी आपल्याला येथे सापडते. एखादा तर्क पुढे खरा ठरेल की नाही, हे काळ ठरवील. टीकाकाराने विचारावयाचे ते इतकेच की, हा तर्क मान्य केला असता आपण वाचलेला ग्रंथ अधिक श्रीमंत होतो की दरिद्री? याच कसोटीवर मार्टिनच्या वाचकांतील दुसरा एक लोकप्रिय तर्क घासून पाहावा. टिरियन लॅनिस्टर हा बुटका, बुद्धिमान, बापाने आयुष्यभर धिक्कारलेला पुत्र. त्याचे केस फिकट आहेत, त्याला ड्रॅगनांची स्वप्ने पडत, बाप त्याला आपला म्हणावयास नाखूश आहे. तेव्हा तोही मूळ राजवंशाचाच, असे काही वाचक म्हणतात. नैयायिकांच्या भाषेत हा हेतू व्यभिचारी आहे. फिकट केस लॅनिस्टरांतही सापडतात, स्वप्ने कोणासही पडतात, आणि मुलाला नाकारणारे बाप जगात थोडे नाहीत. परंतु याहून मोठा दोष वाङ्मयीन आहे. तिसऱ्या खंडाच्या अखेरीस टिरियन आपल्या बापाचा वध करतो. ज्याने त्याला नाकारले त्याच्याशीच त्याचे सर्वाधिक साम्य आहे, हे त्या प्रसंगाचे दारुण मर्म. तो बाप बापच नव्हता असे ठरले, तर पितृहत्येचे नुसत्या खुनात रूपांतर होते. असा तर्क उद्या खरा ठरला तरीही, माझ्या मते, तो ग्रंथाचे नुकसानच करील.

तर्काच्या या नादाने वाचनाला शिस्त मात्र लावली, हे मान्य केले पाहिजे. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालेचा सहावा खंड २००५ साली आला. त्यात एका चिठ्ठीखाली केवळ ‘आर. ए. बी.’ ही आद्याक्षरे होती. डच भाषांतरात शेवटचे अक्षर ‘झेड’ आणि नॉर्वेजियनमध्ये ‘एस’ झालेले पाहून वाचकांनी ताडले की ‘ब्लॅक’ या आडनावाचे त्या त्या भाषेत जे रूपांतर केले होते त्याचेच हे आद्याक्षर. मग कोणी पाचव्या खंडातील, जुने घर साफ करताना सापडलेल्या आणि कोणालाही न उघडलेल्या एका जड लॉकेटचा ओझरता उल्लेख शोधून काढला. २००७ च्या सातव्या खंडाने दोन्ही गोष्टी खऱ्या ठरविल्या. परभाषेच्या सहवासात स्वभाषेतील दडलेले काही अचानक उघडे पडते, हा अनुभव परप्रांतात राहणाऱ्या आपणांस नवा नाही.

रोग सुरू होतो तो वाचक उत्तरालाच ग्रंथ समजू लागला म्हणजे. मार्टिनच्या ग्रंथांपुढे निघून गेलेली दूरदर्शन-मालिका २०१९ साली संपली. सिंहासन कोणाला मिळाले, कोण मेले, कोण तरले, सर्व उत्तरे तिने दिली; तरी शेवटचे पर्व पुन्हा करावे अशी मागणी लाखो प्रेक्षकांनी सह्यांनिशी केली. उत्तरे मिळाली, पण त्यांच्यापर्यंत नेणारी वाट मिळाली नाही. केवळ ‘काय झाले’ हेच हवे असते, तर तक्रारीला जागा नव्हती.

याच रोगाची लागण लेखकालाही होऊ शकते. आपले रहस्य वाचकांनी ओळखले म्हणून ते ऐन वेळी बदलावे, असा मोह त्याला होतो. मार्टिन यांनी तो जाहीरपणे नाकारला आहे. पेरलेल्या खुणांशी नंतर प्रतारणा करणे त्यांना मान्य नाही. ही भूमिका मला शंभर टक्के पटते. आश्चर्य हा रसाचा पाया असता, तर महाभारत दुसऱ्यांदा कोणी वाचले नसते. कर्ण हा कुंतीचा पुत्र, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. तरी युद्धापूर्वी कुंती त्याच्याकडे जाते तेव्हा आपला कंठ दाटतो. किंबहुना ठाऊक असते म्हणूनच दाटतो. वाचकाने बरोबर ओळखले हे लेखकाचे अपयश नव्हे. ते त्याच्या प्रामाणिक पेरणीला मिळालेले प्रशस्तिपत्र आहे.

राहिला प्रश्न पुढील खंड येण्याचा. वाचकांत आता अधीरतेची जागा संतापाने घेतली आहे. नील गेमन या लेखकाने २००९ मध्येच अशा एका वाचकाला बजावले होते की एक खंड विकत घेतल्याने पुढील खंडाचा करार होत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे निर्विवाद आहे. तरी ज्याने कथेला आरंभ केला त्याच्यावर एक नैतिक ऋण चढते, असे मला वाटते; पण ते ऋण तारखेचे नाही, नीट लिहिण्याचे आहे. आणि समजा, ते फिटलेच नाही, तर? ज्या वाचकाने केवळ कुलपे मोजली, त्याच्या हाती रिकाम्या किल्ल्यांचा जुडगा उरेल आणि तो स्वतःला फसविला गेलेला समजेल. ज्याने बीजे ओळखली, त्याचा एडर्ड स्टार्क कोणीही हिरावून घेऊ शकत नाही. ‘एडविन ड्रूड’चे उरलेले सहा भाग कधीच येणार नाहीत, पण लिहिलेल्या सहा भागांतील जॅस्परचे दुभंगलेले मन आजही तितकेच जिवंत आहे. अनागत खंडाची वाट जरूर पाहावी. मात्र वाट पाहताना आपण जे वाचतो ते आलेल्या खंडांचेच वाचन असते, एवढे भान राखावे.