रूप, शील आणि आंगठी

चांग आयलिंग या लेखिकेची १९७० नंतरच्या दशकांत प्रसिद्ध झालेली चिनी लघुकथा व तीवरील २००७ चा चित्रपट यांवरून झेंग पिंगरू हिचें चरित्र सांगण्याचा प्रघात पडला आहे. पिंगरू ही चिआंग कै-शेकच्या पक्षासाठीं शांघायमध्यें हेरगिरी करणारी तरुणी. हा प्रघात आम्हांस मान्य नाहीं.

कथेचें नांव दोन अक्षरांचें. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत पहिलें ‘रूप’ या शब्दासाठीं व दुसरें ‘शील’ या शब्दासाठीं येतें; शिवाय आंगठीच्या चिनी नांवांतहि तें दुसरें अक्षर आहेच. श्लेष सुंदर खराच. पण त्याच्याच सोयीसाठीं कथेंत जवाहिऱ्याचें दुकान आलें असावें, असा आमचा तर्क आहे. कारण २१ डिसेंबर १९३९ रोजीं पिंगरूनें जपानधार्जिण्या गुप्त पोलिसांचा प्रमुख डिंग मोत्सुन यास मारेकऱ्यांच्या टप्प्यांत नेलें, तें लोंकरी कातड्यांच्या दुकानीं. कथेंतील नायिका ऐन वेळीं द्रवून सावजास पळवून लावते. प्रत्यक्षांत डिंगलाच संशय आला. तो धांवत बाहेर पडून मोटारींत शिरला व वांचला. पिंगरूस मात्र फेब्रुवारी १९४० मध्यें गोळी घातली गेली.

लेखिकेनें कल्पना करावी. तो तिचा अधिकार. परंतु त्या कल्पनेनें एका मृत स्त्रीवर फितुरीचा डाग बसतो, त्याचें काय? पिंगरूची आई जन्मानें जपानी होती. तिनेंच १९४६ सालीं मुलीच्या हत्येबद्दल डिंगविरुद्ध न्यायालयांत अर्ज केला. १९४७ सालीं डिंगला देहान्त शासन झालें. कथेस पुरावा मानणाऱ्यांनीं आधीं तो अर्ज पाहावयास हवा होता.