ल्युसीची फजिती

चॉकलेटच्या कारखान्यातील सरकत्या पट्ट्यापुढे उभी असलेली ल्युसी प्रथम मोठ्या दक्षतेने एकेक चॉकलेट कागदात गुंडाळते. पट्टा वेग घेतो. मग ती चॉकलेटे तोंडात, टोपीत, झग्यात कोंबू लागते. १९५२ साली दाखविलेला ‘आय लव्ह ल्युसी’चा हा भाग पाहताना हसता हसता आमच्या डोळ्यांत पाणी आले. ल्युसील बॉल (१९११–१९८९) हिची कला शरीराच्या या काटेकोर शिस्तीत आहे; वेडीवाकडी तोंडे करणे हा त्यातला वरवरचा भाग.

त्याच वर्षी ती गरोदर राहिली. ‘गरोदर’ हा शब्द दूरचित्रवाणीवर उच्चारण्यास सीबीएसची मनाई होती. संहिता एक कॅथलिक धर्मगुरू, एक प्रॉटेस्टंट पाळक व एक यहुदी रब्बी यांच्याकडून तपासून घेण्यात आल्या. त्यांना आक्षेपार्ह काही आढळले नाही. (मरियेच्या गर्भारपणाची कथा दर आगमनकाळात वेदीवरून वाचणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना ते आढळावे तरी कसे?) १९ जानेवारी १९५३ रोजी पडद्यावर ल्युसीला मुलगा झाला, प्रत्यक्षातही त्याच दिवशी.

आमचा आक्षेप निराळा आहे. पडद्यावरील ल्युसी घराबाहेर पाऊल टाकते ते बहुधा फजिती होऊन परतण्यासाठीच. हे पात्र रंगविणारी स्त्री मात्र त्याच काळात देसिलू कंपनीची उपाध्यक्ष होती; पुढे १९६२ मध्ये घटस्फोटित पती देसी आर्नाझचे भाग विकत घेऊन ती अध्यक्षही झाली. त्या स्त्रीला या मालिकेत एका प्रवेशापुरतीही जागा मिळाली नाही.