‘मालक’ ते ‘उद्योजक’ : पुण्याच्या संदर्भात एका शब्दांतराची चिकित्सा

प्रस्तावना :
व्यवसायाचा जो धनी, त्याला मराठीत मालक, शेठ, कारखानदार, उद्योगपती, व्यावसायिक, उद्योजक अशी अनेक नावे आहेत. वरवर पाहता ती समानार्थी भासतात. व्यवहारात मात्र प्रत्येकाचा आशय निराळा आहे. गेल्या काही दशकांत वृत्तपत्रे, गौरवसमारंभ आणि शासकीय योजना यांतून ‘उद्योजक’ या शब्दाने इतर शब्दांना मागे सारले आहे. या शब्दांतराने काय साधले आणि काय दृष्टीआड झाले, याचा पुण्याच्या संदर्भात विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

नाते सांगणारे शब्द :
‘मालक’ हा शब्द मूळ अरबी. तो सहसा एकटा येत नाही. मालक-कामगार, मालक-नोकर, घरमालक-भाडेकरू अशा जोड्यांत तो वावरतो आणि समोरच्या पक्षाची आठवण ठेवतो. ‘शेठ’ हा ‘श्रेष्ठिन्’पासून आलेला शब्द प्रतिष्ठा सांगतो. पेशवेकालीन पुण्याच्या पेठांत शेटे आणि महाजन हे वतनदार होते व बाजाराच्या व्यवस्थेत त्यांना मान होता. आजही उपाहारगृहातील पोऱ्या गल्ल्यावर बसलेल्या गृहस्थाला ‘शेठ’ म्हणतो. तेच गृहस्थ दुकानाच्या पाटीवर ‘प्रोप्रा.’ असतात आणि एखाद्या निमंत्रणपत्रिकेत ‘प्रसिद्ध उद्योजक’ होतात. व्यक्ती एकच, बोलणारा बदलला की शब्द बदलतो.

‘कारखानदार’ या फारसी वळणाच्या शब्दाचा प्रवास अधिक उद्बोधक आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते, तर विठ्ठलराव विखे पाटील त्याचे प्रवर्तक. सहकारी कारखान्याचे मालक म्हणजे सभासद शेतकरी. तरीही पुढे अशा कारखान्यांच्या अध्यक्षांनाच ‘साखर कारखानदार’ म्हणण्याची रूढी पडली. साखर आयुक्तालय पुण्यात असल्यामुळे ऊसदराच्या बैठकांच्या वृत्तांतून हा प्रयोग नित्य वाचावयास मिळतो. कायद्याच्या दृष्टीने तो सदोष आहे. पण सत्ता प्रत्यक्षात कोठे आहे, हे तो नेमके सांगतो.

गुण सांगणारा शब्द :
‘उद्योग’ या शब्दाचा जुना अर्थ प्रयत्न, उद्यम असा आहे. ‘नसते उद्योग’, ‘रिकामपणाचे उद्योग’ या प्रयोगांत तो अद्याप जिवंत आहे. ‘उद्योजक’ म्हणजे कार्यास प्रवृत्त होणारा व करणारा. ‘उद्योगपती’त ‘पती’ आहे, म्हणजे स्वामित्व आहे. ‘उद्योजका’त स्वामित्वही नाही आणि भांडवलही नाही. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना हा शब्द शोभून दिसतो, तो याच अर्थाने.

या शब्दाने दोन गोष्टी निश्चित साधल्या. ‘धंदेवाईक’ या विशेषणात जो हेटाळणीचा सूर आहे, त्यापासून व्यवसाय करणारा सुटला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘शेठ’ या शब्दाला चिकटलेली जातीची सूचना ‘उद्योजका’त नाही. पुण्यात 2005 मध्ये मिलिंद कांबळे यांनी ‘दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री’ ही संस्था स्थापन केली. नोकरी मागणाऱ्यांऐवजी नोकरी देणारे व्हावे, ही तिची भूमिका ‘दलित उद्योजक’ या संज्ञेतून सहज व्यक्त होते. ‘दलित शेठ’ असा प्रयोग रुळणे कठीण होते. स्त्रियांच्या बाबतीतही असेच घडले. ‘शेठाणी’, ‘पाटलीण’ ही रूपे प्रायः पतीच्या नात्याने मिळतात. ‘उद्योजिका’ हे नाव तिच्या स्वतःच्या कर्तृत्वाचे आहे.

दृष्टीआड झालेले :
तथापि ‘मालकाने वेतन थकवले’ हे वाक्य जितके स्वाभाविक वाटते, तितके ‘उद्योजकाने वेतन थकवले’ हे वाटत नाही. भोसरी-चाकणच्या परिसरात भूखंड व सवलती मागताना जो ‘उद्योजक’ असतो, तोच वेतनकराराच्या वेळी ‘मालक’ ठरतो. पहिल्या शब्दाला समोरचा पक्ष नाही, म्हणून उत्तरदायित्वही नाही. सर्वत्र तोच शब्द रूढ झाला, तर कामगाराला आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी भाषाच अपुरी पडेल.

दुसऱ्या टोकाला हा शब्द पोहोचतच नाही. 1 जुलै 2020 पासून ‘उद्यम’ नोंदणी सुरू झाली आणि 2021 मध्ये किरकोळ व घाऊक व्यापारही तिच्या कक्षेत आला. त्यामुळे खानावळ चालवणारी स्त्री किंवा लहानसा दुकानदार कागदोपत्री ‘सूक्ष्म उद्यमा’चे धनी होऊ शकतात, पण समारंभात त्यांना ‘उद्योजक’ म्हणून कोणी बोलावत नाही. याउलट मोबाइल ॲपवरून घरपोच माल देणाऱ्या तरुणाला ‘पार्टनर’ म्हटले जाते. आपल्या कामाचा दर तो स्वतः ठरवत नाही, तरी नाव मात्र भागीदाराचे! येथे गौरवाचा शब्दच नोकराचे हक्क झाकणारा पडदा होतो.

निष्कर्ष :
‘उद्योजक’ हा शब्द टाकाऊ नाही; जात व लिंग यांच्या सीमा ओलांडण्याचे सामर्थ्य त्यात आहे. मात्र तो कर्तृत्वाचा शब्द आहे, मालकीचा नव्हे. म्हणून साहस व निर्मिती सांगावयाची असेल तेथे ‘उद्योजक’ आणि वेतन, सुरक्षितता, देणी यांचा प्रश्न असेल तेथे ‘मालक’, हा विवेक पत्रकारांनी, अध्यापकांनी व शासनव्यवहारानेही पाळणे इष्ट ठरेल. तसेच ‘उद्योजक’ ही पदवी भांडवलाच्या आकारावरून न देता उपक्रमशीलतेवरून द्यावयाची, तर खानावळीच्या चालिकेलाही ती मिळाली पाहिजे. शब्दाच्या व्युत्पत्तीला तेच अभिप्रेत आहे.