दोन जहाजे आणि एक ताशा

'आपण सारे एक' असे सांगणारे गाणे लोकप्रिय झाले, की त्या 'आपण'मध्ये कोण कोण आहे, हे समीक्षकाने तपासले पाहिजे. त्रिनिदादची गाणी ऐकताना मला हे प्रकर्षाने जाणवते. वेस्ट इंडीजमधल्या या बेटावर आफ्रिकेतून आणलेले गुलाम १८३८ साली पूर्ण मुक्त झाले. पुढे उसाच्या मळ्यांसाठी १८४५ ते १९१७ या काळात हिंदुस्थानातून, मुख्यतः भोजपुरी मुलुखातून, १ लाख ४० हजारांहून अधिक गिरमिटिये तिथे गेले. २०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे सुमारे ३५ टक्के, तर आफ्रिकी वंशाचे सुमारे ३४ टक्के लोक होते. कुणाचेच बहुमत नाही!

कार्निव्हलच्या मोसमात तिथे कॅलिप्सो गातात. हे मुळात आफ्रिकी वंशीयांचे गाणे. १९७९ साली त्याच्या स्पर्धेतला सर्वोच्च किताब ब्लॅक स्टॅलिन याने जिंकला, तेव्हा त्याने 'कॅरिबियन युनिटी' हे गाणे म्हटले होते. वेस्ट इंडीजचे संघराज्य १९६२ साली मोडले होते. पुढाऱ्यांना जे जमले नाही ते सामान्य माणूस करील, हा या गाण्याचा विश्वास. तळमळ खरी आहे. पण ऐक्याचा आधार कोणता, तर आपण सारे एका वंशाचे, एकाच जहाजातून आलेले! म्हणजे दुसऱ्या जहाजातून आलेले दाराबाहेरच राहिले. त्यावर वाद झाला. गायकाच्या मनात द्वेष होता असे मला वाटत नाही. म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे. प्रेमाने उच्चारलेल्या 'आपण'मधूनही माणसे गळतात.

१९९५ च्या नोव्हेंबरात बासदेव पांडे हे भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले. पुढच्याच वर्षी मिश्र वंशाच्या ब्रदर मार्विनचे 'जहाजी भाई' आले. एकाच जहाजातून आलेल्या गिरमिटियांनी जातपात विसरून जोडलेले नाते म्हणजे जहाजी भाई. मार्विनने ते आफ्रिकी वंशीयांपर्यंत नेले. भारतीयांनी गाणे डोक्यावर घेतले, पण काही आफ्रिकी वंशीय विचारवंत दुखावले. साखळदंडांचे जहाज आणि कराराचे जहाज एक कसे? आणि मूळ शोधत गेल्यास धोतर नेसलेला पूर्वज भेटेल, असे सर्वांनाच का सुचवावे? हा आक्षेप मला रास्त वाटतो. दोघांची दुःखे शेजारी ठेवता येतात. ती एकच होती असे म्हणता येत नाही.

दोन्ही गाणी उदार आहेत, आणि दोन्ही एकाच ठिकाणी अडखळतात. आज एकत्र राहण्याचा हक्क ती पूर्वजांकडून मागतात.

याउलट द्रुपती रामगुनाईचे १९८८ सालचे 'मिस्टर बिसेसर' पाहा. बिसेसर नावाच्या ताशेवाल्याच्या वादनावर सारे नाचतात, एवढाच विषय. पण हा ताशा आपल्या मिरवणुकीतल्या ताशाचाच भाऊबंद. गिरमिटियांबरोबर तो गेला, लग्नांत आणि मोहरमच्या मिरवणुकांत वाजत राहिला. १८८४ साली अशाच मिरवणुकांवर पोलिसांनी गोळीबार केला होता. द्रुपतीने त्याला कार्निव्हलच्या सोका संगीतात आणून बसवले. हिंदू बाईने असे गाणे गावे काय, म्हणून तिच्याच समाजातून टीका झाली. गाणे मात्र दोन्ही समाजांत वाजले. त्यात कुणी कुणाचा वंश विचारलेला नाही.

हे नुसते नाचगाणे आहे, त्याने राजकारण बदलले नाही, असे कोणी म्हणेल. खरेच, तिथली मते अजूनही बरीचशी वंशानुसार पडतात. गाण्याकडून न्यायाची अपेक्षा मीही करीत नाही. पण ज्यांना दोन भाषांच्या गावात राहून 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागतो, त्या आपल्यासारख्यांना या तीन गाण्यांतला फरक सहज कळावा. दोन गाणी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे देतात. तिसरे तो प्रश्न विचारीतच नाही, आणि मला ते अधिक मोठे वाटते.