‘भारतीय विषय’ आणि परदेशी भाषा : एका शासकीय अटीची समीक्षा

शिष्यवृत्तीविषयक शासकीय सूचना हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या शब्दांवर आपल्या मुलामुलींच्या अभ्यासाची दिशा ठरते, ते शब्द अट्ठकथाकारांच्या काटेकोरपणाने तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाकडून दिली जाणारी राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची आहे. २०२२-२३ या वर्षासाठी तिच्या १२५ जागांपैकी ११५ जागा अनुसूचित जातींसाठी होत्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांत मात्र एक नवी अट आली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधीचे सामाजिक अभ्यास यांवरील संशोधन या शिष्यवृत्तीतून वगळण्यात आले. या विषयांची सोय देशातच आहे, तेव्हा निधी अन्य शाखांकडे वळावा, असे तिचे समर्थन करण्यात आले.

हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. निधी मर्यादित असतो, आणि वैद्यक वा अभियांत्रिकी शिकू इच्छिणारा विद्यार्थीही आपलाच असतो. तथापि या युक्तिवादामागे एक गृहीतक दडलेले आहे. ज्या विषयाला ‘भारतीय’ म्हणावयाचे त्याची साधने भारतात आणि भारतीय भाषांतच असतात, हे ते गृहीतक होय. बौद्ध विद्येपुरते पाहिल्यास ते टिकत नाही.

बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी पाली शिकणारी एखादी विद्यार्थिनी आपण डोळ्यांपुढे आणू. तिला मज्झिमनिकायातील सुत्तांची तुलना मध्यम आगमाशी करावयाची आहे. हा आगम इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस गौतम संघदेवाने चिनी भाषेत उतरविला, आणि आज तो समग्र स्वरूपात चिनीतच उपलब्ध आहे. बुद्धवचन भारताचे, पण त्याची ही परंपरा चिनीत जिवंत राहिली. चिनी भाषेशिवाय या विद्यार्थिनीचे संशोधन पहिल्या पानापुढे सरकणार नाही. या अटीनुसार तिचा विषय ‘भारतीय’ ठरतो, म्हणून ती अपात्र. तिची साधने परदेशी आहेत, याचा विचार अटीत कोठेच नाही.

आधुनिक संशोधनाची गोष्टही निराळी नाही. गायगर यांचा पाली वाङ्मय व भाषा यांवरील ग्रंथ १९१६ साली जर्मन भाषेत निघाला. लामोत यांचा भारतीय बौद्ध धम्माचा इतिहास १९५८ साली फ्रेंचमध्ये आला, त्याचा इंग्रजी अनुवाद १९८८ साली झाला. ज्याला फ्रेंच येत नव्हते तो अभ्यासक या ग्रंथाच्या बाबतीत तीस वर्षे मागे राहिला.

महाराष्ट्राची परंपरा या अटीस अनुकूल साक्ष देत नाही. धर्मानंद कोसंबी पाली शिकण्यासाठी १९०२ साली सिंहलद्वीपास गेले आणि पुढे विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले. महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा ५० रुपये दिले. पु. वि. बापट यांनी हार्वर्डमध्ये अध्ययन केले. विमुत्तिमग्ग चिनी अनुवादात टिकून होता. त्याची विसुद्धिमग्गाशी तुलना करणारा त्यांचा ग्रंथ १९३७ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. हे सारे ‘भारतीय’ विषय होते, आणि परदेशी भाषा व परदेशी ग्रंथालये यांवाचून ते अपुरे राहिले असते.

आणि बाबासाहेब? सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंडांवर, ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी अर्थशास्त्रादी विषयांबरोबर प्राथमिक फ्रेंच व जर्मनचाही एकेक अभ्यासक्रम घेतला. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींविषयीचा आपला निबंध वाचला. २०२२ ची अट तेव्हा असती, तर त्यांचे अर्थशास्त्र कदाचित पात्र ठरले असते. हा निबंध मात्र ‘भारतासंबंधी सामाजिक अभ्यास’ म्हणून वगळला गेला असता. शाळेत ज्या मुलाला संस्कृत नाकारले गेले व फारसी घ्यावी लागली, त्याच्या वारसांना शतकानंतर पुन्हा विषयाचीच मर्यादा घातली जावी, यातील वेदना आम्ही वेगळी सांगण्याचे कारण नाही.

त्याच सूचनांत जागतिक क्रमवारीतील पहिल्या ५०० विद्यापीठांचीही अट होती. ज्या श्रीलंका व म्यानमार या देशांत पालीची अध्ययनपरंपरा अखंड राहिली, तेथील एकही विद्यापीठ या मापात बसत नाही. म्हणजे पाली जेथे जिवंत आहे ती दारेही बंद.

शासन या विद्येला साह्य करूच शकत नाही, असेही नव्हे. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली देवनागरी तिपिटकाचे ४१ खंड शासकीय साह्यानेच निघाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पालीस अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. या निर्णयाचे आम्ही स्वागत करतो. परंतु २०१३ साली लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील वैकल्पिक विषयांतून पाली वगळली गेली, हेही आम्ही विसरलेलो नाही. गौरव आणि तरतूद या भिन्न गोष्टी आहेत.

म्हणून आमची मागणी मर्यादित आहे. पात्रता विषयाच्या नावावरून न ठरविता संशोधनास लागणाऱ्या साधनांवरून व भाषांवरून ठरवावी. चिनी, तिबेटी, सिंहली, जपानी, जर्मन व फ्रेंच यांच्या पूर्वप्रशिक्षणास स्वतंत्र अनुदान असावे. पालीपुरती क्रमवारीची अट शिथिल करावी.

आणि एक शब्द आपल्या स्वतःसाठी. आपण विहारे बांधली, जयंत्या साजऱ्या केल्या. पण चिनी वा तिबेटीचा वर्ग चालविणारी विहारे आपल्याकडे किती आहेत? बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या आरंभी सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह उघडले, तेव्हा समाज आजच्याहून कितीतरी निर्धन होता. शासनाशी भांडत असतानाच, येत्या वर्षावासात आपल्या विहारात एका परदेशी भाषेचा वर्ग सुरू करणे आपल्या हाती आहे. आपला इतिहास दुसऱ्याने केलेल्या अनुवादातून वाचावयाचा की मूळ भाषेतून, याचा निर्णय कोणत्याही परिपत्रकावर सोपविता येणार नाही.